हुंडा, दहा पौंड आणि ‘चार झोपड्या’: मुंबईच्या फॉरवर्डला कलमवार उत्तर

मुंबईच्या जन्माची एक गोष्ट व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरते आहे. पावसात शहर तुंबलं की एकदा आणि महाराष्ट्र दिनाला एकदा ती हमखास येते. गोष्ट थोडक्यात अशी: पोर्तुगालनं मुंबई इंग्लंडच्या राजाला हुंड्यात दिली. राजाला तिची किंमत कळली नाही, म्हणून त्यानं ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्यात मारली. तेव्हा तिथे कोळ्यांच्या चार झोपड्यांशिवाय काही नव्हतं. मग इंग्रजांनी सगळ्या धर्मांना मोकळीक दिली, कायद्याचं राज्य आणलं आणि व्यापार आपोआप धावत आला.

यातलं एकही वाक्य साफ खोटं नाही, पंचाईत तीच आहे. प्रत्येकात अर्धा तपशील खरा आहे आणि उरलेला अर्धा गाळलेला आहे. गाळलेला भाग परत जोडला की दिसतं ते असं: मुंबईत राज्यकारभार, धर्म आणि व्यापार यांची जी घडी बसली ती लंडनहून तयार होऊन आली नव्हती. पोर्तुगीज व्हाइसरॉय, बेटावरचे जमीनमालक, दीवचे वाणी, सिद्दी, मराठे आणि पगार थकलेले शिपाई अशा सगळ्यांशी कलमाकलमावर घासाघीस करून ती बसवावी लागली, आणि पहिल्या तीस वर्षांत ती दोनदा पार विस्कटली.

“मुंबई हुंड्यात मिळाली”

चार्ल्स दुसरा आणि कॅथरिन ऑफ ब्रागांझा यांच्या लग्नाचा तह २३ जून १६६१ चा. त्यात वधूसोबत देण्याची रोख रक्कम ठरली वीस लाख क्रुझाडो (पोर्तुगीज नाणं). टँजिअर (मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं बंदर) आणि मुंबई यांची कलमं वेगळी आहेत. मुंबईचं कलम अकरावं आणि त्यात कारणही दिलेलं आहे: इंग्लंडच्या राजाला पूर्वेकडच्या पोर्तुगीज प्रजेच्या मदतीला येणं सोपं जावं म्हणून. पोर्तुगाल १६४० मध्ये स्पेनपासून फुटला होता आणि ती लढाई अजून मिटली नव्हती. इकडे डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना घेतलं होतं. तहाला एक गुप्त कलमही जोडलेलं होतं. हिंदुस्थानातल्या पोर्तुगीज ठाण्यांचं डचांपासून रक्षण इंग्लंडनं करायचं, असं ते कलम. थोडक्यात, पोर्तुगाल लष्करी मदत विकत घेत होता आणि मुंबई हा त्या मोबदल्याचा एक भाग होता. त्याला नुसतं ‘हुंडा’ म्हटलं की राजानं मुलीला दागिने घालावेत तसं चित्र उभं राहतं.

आता ‘मिळाली’ हा शब्द. सप्टेंबर १६६२ मध्ये इंग्रजी आरमार सर अब्राहम शिपमन आणि चार-पाचशे शिपायांना घेऊन मुंबईच्या बंदरात आलं. गोव्याचा व्हाइसरॉय अंतोनियु द मेलु द कास्त्रु यानं कागदपत्रांत खोट काढली आणि ताबा द्यायला नकार दिला. इंग्रज इथे बसले की पोर्तुगीजांचा हिंदुस्थान गेलाच, असं तो आपल्या राजाला कळवत होता, आणि त्याचा अंदाज फारसा चुकला नाही. शिपमन आणि त्याची माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन पडली. तिथे हगवण, ताप आणि उपासमार. एप्रिल १६६४ मध्ये शिपमन स्वतः मेला. शेवटी त्याचा सेक्रेटरी हम्फ्री कुक यानं व्हाइसरॉयच्या अटी मान्य करून १८ फेब्रुवारी १६६५ रोजी ताबा घेतला, तेव्हा त्याच्याकडे साधे शिपाई उरले होते ९७. ताब्याचा विधी डोना इग्नेस द मिरांडा या जमीनदारीणबाईंच्या घरी झाला. कुकनं जमिनीवर चालून दाखवलं, हातात माती आणि दगड घेतले, तटावरून फेरी मारली आणि कागदावर सह्या झाल्या.

कुकनं मान्य केलेल्या अटींपैकी एक डोळ्यांत भरण्यासारखी आहे. मुंबईला लागून उत्तरेला असलेल्या साष्टी बेटातल्या पोर्तुगीज गावांतून पळून मुंबईत येणाऱ्या कुणबी, भंडारी आणि इतर कष्टकऱ्यांना आश्रय द्यायचा नाही, परत पाठवायचं. राजाच्या सह्यांच्या तहात ज्यांचं नाव नव्हतं ती माणसं इथल्या कागदात लगेच उगवली, कारण जमिनीपेक्षा कसणारे हात जास्त मोलाचे होते. लंडननं कुकचा करार पुढे नाकारला.

आणि मुंबई म्हणजे कोणती? फॉरवर्डसोबत बहुतेक वेळा बृहन्मुंबईचा नकाशा चिकटवलेला असतो, कुलाब्यापासून दहिसरपर्यंत. पोर्तुगीजांच्या मते त्यांनी दिलं ते फक्त मुंबई बेट, माहीम त्यात नाही. ओहोटीला मुंबईहून माहीमला पाय न भिजवता जाता येतं, मग ते वेगळं बेट कसं, हा कुकचा युक्तिवाद. त्यानं माहीम, शीव, धारावी, वडाळा हा भाग दामटून घेतला. कुलाबा हाती यायला आणखी दहाएक वर्षं गेली. वांद्रे, अंधेरी, बोरिवली यांचा तर संबंधच नाही. साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली, १७३७ मध्ये ती मराठ्यांनी जिंकली आणि इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतली ती १७७४ च्या अखेरीस. हुंड्याच्या तहानंतर एकशे तेरा वर्षांनी.

टँजिअरचं काय झालं तेही सांगायला हवं. त्याच तहातलं ते दुसरं बंदर. इंग्रजांनी तिथे समुद्रात प्रचंड धक्का बांधला, पैसा ओतला आणि १६८४ मध्ये तो स्वतःच सुरुंगानं उडवून गाव सोडून दिलं. मुंबईचंही तसं होऊ शकलं असतं.

“दहा पौंड भाड्यानं”

२७ मार्च १६६८ ची सनद. वर्षाला दहा पौंड, सोन्यात, दर ३० सप्टेंबरला. आकडा खरा आहे, पण ते भाडं नव्हतं. कंपनीला बेट कायमचं मिळालं. राजाचं सार्वभौमत्व मान्य असल्याची खूण म्हणून ही रक्कम. त्या काळात इंग्लंडचा राजा वसाहतींच्या सनदा अशाच लिहून देत असे. १६३२ मध्ये मेरीलँड दिलं, वार्षिक देणं दोन बाण. १६८१ मध्ये पेनसिल्व्हेनिया दिलं, देणं बीव्हरची दोन कातडी. हडसन बे कंपनीला १६७० मध्ये जो अफाट मुलूख दिला त्याच्यासाठी दोन एल्क आणि दोन काळे बीव्हर, तेही राजा तिकडे गेला तर. मुंबईची सनद ‘ईस्ट ग्रिनिचच्या जहागिरीप्रमाणे’ या शब्दांत आहे. तेच शब्द १६०६ च्या व्हर्जिनियाच्या आणि १६२९ च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत आहेत. वकिलाच्या दप्तरातला ठरलेला मसुदा होता तो. मेरीलँड दोन बाणांना विकलं असं कुणी म्हणत नाही, मुंबईच्या बाबतीत मात्र सगळे बिनधास्त म्हणतात.

राजानं बेट सोडलं ते किंमत कळली नाही म्हणून नव्हे, हिशेब कळला म्हणून. १६६७ मध्ये कॅप्टन हेन्री गॅरीनं बेटाचं उत्पन्न मांडलं ते ७५,००० शेराफिन (पोर्तुगीज अमदानीतलं नाणं), म्हणजे जेमतेम साडेसहा हजार पौंड. त्यात गावांचा वसूल, जकात, नारळ, तंबाखूचा मक्ता, दारूचे गुत्ते हे सगळं आलं. या पैशात फौज, तटबंदी आणि जहाजं भागत नव्हती. कंपनीकडे सुरतेची वखार होती, जहाजं होती, माणसं होती. तिच्यासाठी तोच खर्च आवाक्यातला होता.

“चार झोपड्या”

यावर फार वेळ घालवण्याचं कारण नाही. माहीमला मखदूम अली माहिमी हे मोठे विद्वान पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला होऊन गेले; त्यांचा दर्गा तिथेच आहे. माहीम हे गुजरातच्या सुलतानाचं ठाणं होतं. १५३४ मध्ये बहादूरशहानं हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. गार्सिया द ओर्ता या वैद्यानं सोळाव्या शतकाच्या मध्यात मुंबई बेट खंडानं घेतलं होतं. ओसाड खडकाचा खंड कुणी भरत नाही. दादरचं साल्वासांव चर्च १५९६ चं, माझगावचं ग्लोरिया चर्च १६३२ चं. इंग्रज आले तेव्हा लोकसंख्या दहा हजारांच्या घरात धरली जाते: कोळी, आगरी, भंडारी, कुणबी, पाठारे प्रभू, मुसलमान, ख्रिस्ती झालेले स्थानिक आणि थोडे पोर्तुगीज जमीनमालक. भातखाचरं, नारळीच्या वाड्या, मिठागरं, मासळी, ताडी हा बेटाचा संसार, आणि वर मोजलेला ७५,००० शेराफिनचा वसूल त्यातूनच निघत होता.

जमिनीवर आधीच कुणाचा तरी हक्क होता, म्हणून तर इंग्रजांना पहिला मोठा राजकीय करार जमिनीवर करावा लागला. सुरुवातीच्या अधिकाऱ्यांनी पोर्तुगीज अमदानीतली कागदपत्रं अपुरी ठरवून अनेकांच्या जमिनी ओढल्या होत्या. लोक बिथरले. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिए यानं १ नोव्हेंबर १६७२ रोजी बेटाच्या रहिवाशांशी ठराव केला आणि जुलै १६७४ मध्ये तो पक्का झाला. लोकांनी मिळून दर वर्षी २०,००० शेराफिन द्यायचे. त्या बदल्यात कंपनीनं उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शावरचा दावा सोडायचा आणि जमिनी ज्याच्या त्याच्याकडे कायम ठेवायच्या. 

“सगळ्या धर्मांना मोकळीक”

हा मुद्दा फॉरवर्डमधला सगळ्यात लाडका. इथे थोडं थांबायला हवं.

पहिली मोकळीक रोमन कॅथलिकांना, आणि ती इंग्रजांनी दिली नाही, पोर्तुगालनं घ्यायला लावली. १६६१ च्या त्याच अकराव्या कलमात अट आहे की बेटावरच्या लोकांना कॅथलिक धर्म मोकळेपणानं पाळता येईल. १६६८ च्या सनदेनं ती पुढे कंपनीला बांधली.

सहिष्णुता हा इंग्रजांचा स्वभावच, असं कुणी म्हणालं तर त्याला याच वर्षांतल्या बॉस्टनला न्यावं. १६५९ ते १६६१ या काळात मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन सरकारनं क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या चौघांना फासावर दिलं, त्यात मेरी डायर ही बाई होती. तेही इंग्रज, त्यांचीही सनद ईस्ट ग्रिनिचचीच. मग मुंबईत वेगळं का वागले? कारण बॉस्टनचे लोक आपला पंथ घेऊन, बायकामुलांसह, कायमचे राहायला गेले होते. स्वतःच्या धर्माचं राज्य हाच त्यांचा उद्देश. मुंबईत मूठभर नोकर होते आणि त्यांना हवे होते विणकर, सावकार, दलाल. ती माणसं सुरत, दीव, ठाणे, चौल इथून यायला हवीत तर काहीतरी देणं भाग होतं.

काय देणं भाग होतं, याचा उत्तम नमुना १६७७ चा आहे. दीवचा व्यापारी नेमा पारख मुंबईत यायला तयार झाला आणि त्यानं अटींची यादीच पुढे ठेवली. घर आणि वखारीपुरती जागा बिनभाड्यानं. आपल्या आवारात इंग्रज, पोर्तुगीज, इतर ख्रिस्ती किंवा मुसलमान राहणार नाहीत आणि तिथे जीवहत्या होणार नाही. मुडदे आपल्या रीतीनं जाळता येतील, लग्नाच्या मिरवणुका काढता येतील. आपल्या जातीतल्या कुणालाही, कुठल्याही वयाच्या माणसाला, ख्रिस्ती व्हायला भाग पाडणार नाहीत. ओझी वाहायला लावणार नाहीत, पहाऱ्याची वेठ नाही, कंपनीसाठी किंवा गव्हर्नरसाठी सक्तीचं कर्ज नाही. जातीतला तंटा जातीत मिटवू. अगाऊ कळवल्याशिवाय चारचौघांत अटक नको. लढाई झाली तर किल्ल्यात कोठार आणि कुटुंबाला आसरा. पालखी, घोडा, गाडी वापरायची मुभा आणि नोकरांना तलवार-कट्यार बाळगण्याची परवानगी.

या यादीत देवधर्म आणि धंदा वेगळे काढता येत नाहीत. अहिंसेची अट आणि जहाज बंदरात नांगरण्याच्या कराची माफी मागणारी अट एकाच कागदावर एकाखाली एक आहेत. जबरदस्तीनं धर्मांतर नको ही अट मनात का आली असेल, हे पोर्तुगीज मुलखात पोरक्या हिंदू मुलांना चर्चच्या ताब्यात घेण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना समजावून सांगायला नको. दीवचा वाणी पोर्तुगीजांना पुरता ओळखून होता. पारशांचंही तसंच: मलबार हिलवर दख्मा, म्हणजे मृतदेह ठेवण्याचा बुरूज, उभा राहिला तो ऑन्जिएच्याच काळात.

कंपनी स्वतः धर्माच्या बाबतीत तटस्थही नव्हती. शिपाई स्थानिक कॅथलिक बायकांशी लग्नं करतात आणि मुलं पोपच्या गोटात जातात, याची संचालकांना मोठी चिंता. म्हणून इंग्लंडहून प्रॉटेस्टंट मुली जहाजानं पाठवल्या गेल्या. इंग्रज बापाची मुलं प्रॉटेस्टंट म्हणूनच वाढवावीत असा हुकूमही आला. गंमत म्हणजे, एवढी काळजी वाहणाऱ्या कंपनीचं स्वतःचं चर्च मात्र उभं राहिना. ऑन्जिएनं १६७६ च्या सुमाराला पाया घातला, वर्गणी जमली, पैसे कुठे जिरले ते जिरले, आणि भिंती अर्ध्यावर चाळीस वर्षं तशाच. रिचर्ड कॉब या पाद्र्यानं नेट लावला तेव्हा सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात उघडलं. तोवर साहेब लोक किल्ल्यातल्या एका दालनात प्रार्थना उरकत.

सहिष्णुतेला सीमाही होत्या. १६९० नंतर, सिद्दीला मदत केल्याचा ठपका ठेवून जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांच्या जमिनी जप्त झाल्या. १७२० मध्ये गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखालच्या फ्रान्सिस्कन पाद्र्यांना बेटाबाहेर काढून कार्मेलाइट या दुसऱ्या कॅथलिक संघाचे पाद्री आणले गेले. कारण धर्मशास्त्राचं नव्हतं. पाद्र्याची निष्ठा पोर्तुगालच्या राजाकडे असेल तर त्याच्या प्रवचनाला बसणारे पाच-दहा हजार लोक कुणाचे, हा प्रश्न होता.

“कायद्याचं राज्य आलं”

आलं, गेलं, परत आलं. तारखा पाहा.

१६६५ ते १६७२ बेटावर पोर्तुगीज कायदाच चालू होता. १६७० मध्ये बेटाचे दोन भाग केले: मुंबई-माझगाव-गिरगाव एक आणि माहीम-परळ-शीव-वरळी दुसरा. प्रत्येक भागात जकात अधिकारी आणि स्थानिक पंच मिळून २०० शेराफिनपर्यंतचे दावे ऐकत. त्यावरचं सगळं डेप्युटी गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलकडे. म्हणजे जो हुकूम काढणार तोच न्याय करणार. इंग्रजी कायदा जाहीर झाला १ ऑगस्ट १६७२ ला आणि ८ ऑगस्टला थाटात न्यायालय उघडलं. त्या मिरवणुकीचं वर्णन उपलब्ध आहे: पुढे हिरव्या पोशाखातले ५० भंडारी दोन-दोनच्या रांगेत, मग वेगवेगळ्या जातींचे २० हिंदू, २० मुसलमान, २० ख्रिस्ती, मग न्यायाधीश आणि बाकीचा लवाजमा. खटला मिश्र असेल तर ज्यूरीतले निम्मे इंग्रज, निम्मे स्थानिक, अशी तजवीजही होती.

आता त्या झुलीखाली पाहू. न्यायाधीश जॉर्ज विलकॉक्स हा कंपनीचा नोकर. ऑन्जिएनं लंडनकडे कायदा शिकलेला माणूस मागितला होता. संचालकांनी दिला नाही. वकील आले की तंटे वाढतात, अशी त्यांची समजूत. विलकॉक्स १६७४ मध्ये मेला. त्याच्या जागी आलेला निकोल्स १६७७ मध्ये काढून टाकला गेला. १६८४ मध्ये राजाच्या नेमणुकीनं डॉक्टर सेंट जॉन नावाचा खराखुरा कायदेपंडित आला. त्याचं आणि कंपनीचा इथला प्रमुख जॉन चाइल्ड याचं जमलं नाही आणि तोही घरी गेला. १६९० मध्ये सिद्दीच्या वेढ्यात न्यायालय बंद पडलं. ते परत उघडलं १७१८ मध्ये. अठ्ठावीस वर्षं न्यायालयाविना. तंटे गव्हर्नर आणि कौन्सिलच मिटवत.

१७१८ चं न्यायालय कागदावर बरं होतं: इंग्रज न्यायाधीशांबरोबर हिंदू, मुसलमान, पारशी आणि पोर्तुगीज ख्रिस्ती असा प्रत्येकी एक स्थानिक. पण दोनच वर्षांत रामा कामतीचा खटला झाला. हा बेटावरचा बडा शेणवी व्यापारी, भंडारी पलटणीत वजन असलेला, वाळकेश्वरचं देऊळ ज्याच्या पैशानं उभं राहिलं तो. आरोप असा की तो कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधून आहे. पुरावा म्हणून एक पत्र, आणि त्याच्या नोकराच्या अंगठ्यांना लोखंडी पेच आवळून घेतलेली साक्ष. इस्टेट जप्त, माणूस तुरुंगात. पत्र बनावट असल्याचं पुढे उघड झालं. कायद्याचं राज्य म्हणताना हा खटला सोडून कसं चालेल?

आणि राज्यात सहभागाचं म्हणाल तर व्हर्जिनियात १६१९ पासून निवडून आलेली सभा होती. मुंबईत या सगळ्या काळात ती नव्हती, इंग्रजांसाठीही नाही. जातीजातींचे मुख्य नेमून ऑन्जिएनं पंचायती बसवल्या त्या स्वस्तात कारभार व्हावा म्हणून. इंग्रज शिपायांना तर तेवढीही वाट नव्हती. लंडनहून कंपनीचा बडा संचालक जोसाया चाइल्ड यानं काटकसरीचा बडगा उगारला, पगार कापले. २७ डिसेंबर १६८३ रोजी फौजेचा प्रमुख रिचर्ड केग्विन यानं डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्डला कैद केलं आणि राजाच्या नावानं बेट ताब्यात घेतलं. जवळजवळ वर्षभर मुंबई कंपनीच्या हातात नव्हती. त्या काळात केग्विननं संभाजी महाराजांशी तह केला. नोव्हेंबर १६८४ मध्ये आरमारी अधिकारी सर थॉमस ग्रँथम याच्याकडून माफीचं वचन घेऊन त्यानं बेट परत दिलं.

“व्यापार आपोआप धावत आला”

कंपनीचं पश्चिम किनाऱ्यावरचं मुख्य ठाणं १६८७ पर्यंत सुरतच होतं, बेट हाती येऊन जवळपास वीस वर्षं होईपर्यंत. का, ते भूगोलात आहे. मुंबईच्या पाठीशी मालाचा प्रदेश नव्हता. घाटावरून येणारा माल कल्याण-भिवंडीला उतरायचा आणि तिथून मुंबईला येताना ठाण्याला पोर्तुगीजांचा नाका, दक्षिणेकडून यावं तर उरणजवळच्या करंजाला दुसरा. दोन्हीकडे दहा-बारा टक्के जकात, धान्यावरसुद्धा. बेटावर पिकणारं पुरत नव्हतं, जळाऊ लाकूड तर समोरच्या किनाऱ्याहूनच यायचं.

त्यात राजकारणाची कात्री. सुरतेची वखार मोगलांच्या मुलखात, म्हणून मोगलांच्या सिद्दी आरमाराला पावसाळ्यात माझगावात नांगर टाकू द्यावा लागे. सिद्दी तिथून निघून मराठी किनाऱ्यावर लूट करी. लाकूड, भाजी, धान्य येणार मराठी किनाऱ्याहून, म्हणून शिवाजी महाराजांना दुखवता येत नव्हतं. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, इंग्रजांनी अडवायचा प्रयत्न केला आणि त्यांना माघार घ्यावी लागली.

नाण्याची गोष्ट यापेक्षा बोलकी आहे. कंपनीनं मुंबईत टांकसाळ घातली. चांदीचं नाणं अँग्लिना, तांब्याचं कॉपरून, कथलाचं टिनी. बेटावर ती चालली. खाडी ओलांडली की कुणी विचारत नव्हतं. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन रायगडावर तह करायला गेला तेव्हा त्याच्या मागण्यांत हेही होतं की आमचं नाणं स्वराज्यात चालावं. महाराजांचं उत्तर व्यापाऱ्याला शोभेल असं होतं: आम्ही कुठल्याच नाण्याला बंदी केलेली नाही, पण ज्यात रयतेला तोटा आहे ते नाणं घ्या अशी सक्ती आम्ही करणार नाही, तुमचं नाणं मोगलांच्या नाण्याइतकं कसाचं असेल तर चालेल. इंग्रजी राजाच्या नावाचा शिक्का बाजारात पत मिळवू शकला नाही. मुंबईत मोगली धर्तीचे रुपये पाडायची परवानगी कंपनीला मिळाली ती १७१७ मध्ये, मोगल बादशहा फर्रुखसियर याच्या फर्मानानं.

जॉन चाइल्डनं मोगलांशी भांडण उकरलं, त्यांची जहाजं धरली, सिद्दीच्या फौजेसाठी चाललेलं धान्यही पकडलं. फेब्रुवारी १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला. माझगाव गेलं, माहीम गेलं, इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. वर्षाहून जास्त काळ बेटाचा बराचसा भाग सिद्दीकडे होता. सुटका झाली ती दीड लाख रुपये दंड आणि औरंगजेबापुढे शरणागतीची अर्जी या भावात. जून १६९० मध्ये सिद्दी निघून गेला आणि पाठोपाठ रोगराई आली. ‘दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य’ ही मुंबईबद्दलची म्हण इंग्रजांत याच काळात रूढ होती.

१६७० च्या दशकात इथे आलेला डॉक्टर जॉन फ्रायर बेटाची वस्ती साठ हजार सांगतो. १७१५ च्या सुमारास पाद्री कॉबचा अंदाज सोळा हजारांचा. दोन्ही अदमास आहेत, पण उतार लपत नाही. मुंबईचं बंदर खऱ्या अर्थानं वर आलं ते पुढे, सुरत ढासळू लागल्यावर. लवजी वाडिया सुरतेहून जहाजं बांधायला इथे आला १७३६ मध्ये. हुंड्याच्या तहाला तेव्हा पंचाहत्तर वर्षं झाली होती.